चुकलेल्या मुलाचे पंच कोण?

कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगच्या इतिहासातील एका विद्यार्थ्याची हकीकत समाजातील बहुतेक घरांत ऐकलेली असते. कुंभोजला जन्मलेला हा विद्यार्थी अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेला आणि परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्याने नकार दिला. त्या काळच्या शिस्तीत हे बसणारे नव्हते. त्याला बोर्डिंग सोडावे लागले. पुढे तोच विद्यार्थी कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून महाराष्ट्राला वंदनीय झाला. त्याने १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवणारे वसतिगृह काढले. तत्पूर्वी कोल्हापुरातील डांबर प्रकरणात समाजाचे नेते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून त्याचा छळ झाला, तरीही त्याने ती दिली नाही.

भाऊरावांचा 'अपराध' हा अपराधच नव्हता, हे आज लहान मूलही सांगेल. परंतु या हकीकतीत दडलेला प्रश्न आजही जुना झालेला नाही. वाढत्या वयातील मुलगा नियम मोडतो, तेव्हा त्याला बाहेर काढणे सोपे असते. त्याचे म्हणणे ऐकून घेणे, त्याच्या हातून झालेले नुकसान त्याच्याच हातून भरून घेणे आणि त्याला पुन्हा पंक्तीत बसवणे हे अवघड असते. हे अवघड काम त्याच्याच वयाच्या मुलामुलींवर सोपवता येईल काय? जगात काही ठिकाणी ते सोपवले गेले आहे. त्या प्रयोगांना 'युवा न्यायालय' असे म्हणतात.

मिटवून टाकणे आणि ठाण्यात नेणे

व्यापारी घरांत मुलाच्या हातून काही आगळीक घडली, तर साधारणपणे दोनच वाटा दिसतात. समजा, सोळा वर्षांच्या एका मुलाने मित्रांच्या नादाने बाजारपेठेतील एका दुकानाची दर्शनी काच फोडली, किंवा शेजारच्या पेढीच्या गल्ल्यातून दोन-तीन हजार रुपये उचलले. पहिली वाट अशी की, वडील रात्रीच त्या दुकानदाराकडे जातात, हात जोडतात, काचेचे पैसे मोजतात आणि प्रकरण मिटते. दुकानदाराला पैसे मिळाले, घराण्याची अब्रू राहिली, परंतु मुलाच्या खात्यावर काय नोंदले गेले? कर्ज त्याने काढले आणि फेडले वडिलांनी. अशा व्यवहारातून मुलगा एकच धडा घेतो, तो म्हणजे पैशाने सर्व काही मिटते. पुढच्या वेळी रक्कम मोठी असते.

दुसरी वाट पोलीस ठाण्याची. नुकसान झालेला माणूस परका असेल, किंवा जुने वैर असेल, तर तक्रार होते. मुलगा आणि त्याची आई ठाण्याच्या बाकावर बसतात, गल्लीत चर्चा होते, शाळेत कुजबुज होते. 'चोर' ही ओळख एकदा चिकटली की ती पुसायला वर्षे लागतात आणि पुष्कळदा मुलगा त्या ओळखीप्रमाणेच वागू लागतो. या दोन्ही वाटांत एक साम्य आहे. ज्याचे नुकसान झाले तो दुकानदार आणि ज्याने नुकसान केले तो मुलगा समोरासमोर येऊन एकमेकांशी बोलतच नाहीत.

वॉर्साचे बालगृह आणि टेक्ससचे न्यायालय

पोलंडमधील वॉर्सा शहरात डॉक्टर यानुश कोर्चाक यांनी १९१२ पासून अनाथ ज्यू मुलांचे एक बालगृह चालवले. त्या बालगृहात मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. ज्या मुलांवर त्या आठवड्यात कोणतीही तक्रार नसे, त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. मूल मुलावर तक्रार करू शके, तसेच मोठ्या माणसावरही करू शके. खुद्द कोर्चाक अनेकदा त्या न्यायालयापुढे आरोपी म्हणून उभे राहिले. त्यांनी तयार केलेल्या नियमसंहितेतील पहिली ९९ कलमे क्षमेची किंवा प्रकरण सोडून देण्याची होती. शंभराव्या कलमापासून दोष नोंदवण्यास आरंभ होई आणि कलमांचा आकडा वाढत जाई तसतसा ठपका कठोर होई. अगदी शेवटचे कलम बालगृहातून काढून टाकण्याचे होते. ज्या बालगृहातील मुलांचे आयुष्यच अन्यायाने सुरू झाले होते, तेथे न्याय कसा करावा हे मुलांच्या हाती देण्यात आले, ही गोष्ट विशेष मानली पाहिजे. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझी सैनिकांनी त्या मुलांना मृत्युछावणीकडे नेले, तेव्हा स्वतः वाचण्याची संधी असूनही कोर्चाक त्यांना सोडून गेले नाहीत.

आजची युवा न्यायालये मुख्यतः अमेरिकेत वाढली. टेक्सस राज्यातील ओडेसा शहरात १९८३ साली सुरू झालेले न्यायालय पुष्कळ ठिकाणी नमुना म्हणून घेतले गेले. १९९० च्या दशकाच्या आरंभी अशी न्यायालये थोडीच होती. पुढील दहा-पंधरा वर्षांत ती हजाराच्या आसपास गेली. त्यांची रीत साधी आहे. पहिल्यांदाच चुकलेला, किरकोळ गुन्ह्यातील मुलगा किंवा मुलगी येथे येते. दुकानातील किरकोळ चोरी, मोडतोड, मारामारी, दारू बाळगणे यांसारखी ही प्रकरणे असतात. बहुतेक ठिकाणी मुलाने दोष आधीच मान्य केलेला असतो. म्हणून 'केले की नाही' हा प्रश्न उरत नाही. 'आता भरपाई कशी करावी' एवढाच प्रश्न उरतो. कोठे प्रौढ न्यायाधीशासमोर मुलांचे पंच बसतात, तर कोठे न्यायाधीश, फिर्यादी पक्षाचा वकील आणि बचावाचा वकील ही सर्व मुलेच असतात. या मुलांना आधी प्रशिक्षण दिले जाते.

निकालात तुरुंग नसतो. समाजसेवेचे ठरावीक तास, ज्याचे नुकसान झाले त्याला क्षमापत्र, शक्य असेल तर भरपाई आणि काही कार्यशाळा यांचा त्यात समावेश असतो. एक अट मात्र फार विचारपूर्वक घातलेली दिसते. आज जो आरोपी म्हणून आला, त्याला पुढे काही प्रकरणांत पंच म्हणून बसावे लागते. काल ज्याने काच फोडली, त्याला आज दुसऱ्या कोणाच्या फुटलेल्या काचेचा हिशेब ऐकावा लागतो. उपदेशाने जे साधत नाही, ते या अटीने साधते.

लाभ कोणाला होतो?

अशा प्रयोगांविषयी उत्साहाने पुष्कळ बोलले जाते, म्हणून त्यांचे मोजमापही पाहिले पाहिजे. वॉशिंग्टन येथील अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २००२ साली चार राज्यांतील युवा न्यायालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या आत पुन्हा गुन्ह्याकडे वळलेल्या मुलांचे प्रमाण त्यात तपासले होते. अलास्कात युवा न्यायालयातून गेलेल्या मुलांत ते ६ टक्के आढळले, तर नेहमीच्या पद्धतीने हाताळलेल्या मुलांत २३ टक्के. मिझुरीत हेच आकडे ९ आणि २८ टक्के होते. ॲरिझोनात ९ आणि १५ टक्के आढळले, परंतु हा फरक निर्णायक म्हणावा एवढा नव्हता. मेरीलँडमध्ये तर युवा न्यायालयाची बाजू किंचित लंगडी पडली. तेथे ८ आणि ४ टक्के असे प्रमाण होते. म्हणजे युवा न्यायालय हा रामबाण उपाय नव्हे. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या अलास्का आणि मिझुरीत फरक ठळक दिसला, तेथे न्यायासनावर मुलेच बसत होती.

समाजाला होणारा लाभ केवळ टक्केवारीत मोजता येत नाही. ज्या दुकानदाराची काच फुटली, त्याला नुसते पैसे नकोत. 'माझीच काच का फोडलीस?' हे त्याला विचारायचे असते. युवा न्यायालयात त्याला ते विचारता येते. मुलाच्या आईवडिलांना आपला मुलगा समवयस्कांसमोर उभा राहून स्वतःच्या तोंडाने चूक सांगताना दिसतो. घरात महिनोन्महिने जी गोष्ट निघू शकली नसती, ती तेथे निघते. मोठ्या न्यायालयांचा वेळ मोठ्या प्रकरणांसाठी मोकळा राहतो. सर्वांत मोठा लाभ मात्र पंच म्हणून बसणाऱ्या मुलांना होतो. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मत बनवू नये, पुराव्याशिवाय बोलू नये, मित्र असला तरी बाजू घेऊ नये, हे ती सोळाव्या वर्षी शिकतात. व्यापारात, संस्थेत आणि संसारात हेच गुण पुढे उपयोगी पडतात.

आपला कायदा काय म्हणतो?

भारतात युवा न्यायालयाला कायद्याने मान्यता नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलाच्या गुन्ह्याचा विचार करण्याचा अधिकार बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बाल न्याय मंडळाचा आहे. हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला असते. या भागात बालकांविषयीच्या कायद्याची परंपरा जुनी आहे. मुंबई इलाख्याचा बाल अधिनियम १९२४ सालचा. शंभर वर्षांपूर्वीच मूल आणि गुन्हेगार या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या गेल्या होत्या.

विद्यमान कायद्याचा आत्मा शिक्षेचा नाही. मुलाला कोठडीत किंवा कारागृहात ठेवता येत नाही आणि बेड्या घालता येत नाहीत. त्याची ओळख उघड करण्यास ७४ व्या कलमाने बंदी आहे. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. १८ व्या कलमानुसार मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकते, गट समुपदेशनास पाठवू शकते, पालकांना दंड भरावयास लावू शकते आणि एखाद्या संस्थेच्या किंवा मंडळाने निश्चित केलेल्या व्यक्तिसमूहाच्या देखरेखीखाली सामुदायिक सेवा करावयास लावू शकते. उद्यानाची निगा राखणे, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत, वाहतूक स्वयंसेवकाचे काम अशी सेवेची उदाहरणे नियमांतच दिलेली आहेत. म्हणजे दार उघडे आहे. त्या दारातून आत जाणारी, विश्वासाने देखरेख करणारी माणसे आणि संस्था हव्या आहेत.

ही उणीव किती महाग पडते, हे मे २०२४ मध्ये पुण्यात दिसले. अल्पवयीन मुलाच्या हातातील भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले आणि त्याला जामीन देताना अपघात या विषयावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. राज्यभर संताप उसळला. असे प्रकरण कोणत्याही युवा न्यायालयाच्या कक्षेत बसणारे नाही. परंतु त्या संतापाचे कारण ओळखले पाहिजे. झालेली हानी आणि सांगितलेले प्रायश्चित्त यांचा एकमेकांशी काहीही संबंध लोकांना दिसला नाही. प्रायश्चित्त सौम्य असले तरी चालते, पण ते हानीला भिडणारे असावे लागते.

याच संदर्भात पालकांनी आणखी एक तरतूद ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या १९९-अ कलमानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. क्लासला जायला उशीर होतो म्हणून दुचाकीची किल्ली देणाऱ्या प्रत्येक घराने हे कलम एकदा वाचावे.

प्रायश्चित्ताची जुनी वही

जैन कुटुंबांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. तत्त्वार्थसूत्रात आभ्यंतर तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील पहिला प्रायश्चित्ताचा आहे. प्रायश्चित्ताचे पुढे नऊ भेद केले आहेत. त्यांचा आरंभ 'आलोचना' म्हणजे आपला दोष गुरूंसमोर निष्कपटपणे सांगणे येथून होतो. नंतर प्रतिक्रमण येते. संघापासून दूर ठेवण्याचा 'परिहार' फार पुढे येतो आणि त्याच्याही पुढे, अगदी शेवटी, 'उपस्थापना' म्हणजे पुन्हा प्रतिष्ठापना आहे. या क्रमातच न्यायाची दृष्टी आहे. आधी कबुली, नंतर दुरुस्ती आणि शेवट बहिष्कारात नव्हे, तर पुनःस्थापनेत. प्रायश्चित्तानंतर विनय, वैयावृत्त्य आणि स्वाध्याय ही तपे येतात. आधुनिक भाषेत सांगायचे तर क्षमायाचना, सेवा आणि शिक्षण. युवा न्यायालयाच्या निकालपत्रात याहून निराळे काय असते?

भगवती आराधनेत आलोचना ऐकणाऱ्या आचार्यांच्या गुणांत 'अपरिस्रावी' हा एक गुण सांगितला आहे. ऐकलेला दोष ज्यांच्याकडून बाहेर पाझरत नाही, ते अपरिस्रावी. ७४ व्या कलमाने जे आज सांगितले, ते या एका शब्दात पूर्वीच आलेले आहे. प्रतिवर्षी दशलक्षण पर्वानंतर क्षमावणी होते, संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले जाते. परंतु ज्याचे खरोखर नुकसान केले, त्याच्या दाराशी जाऊन क्षमा मागणे किती घरांत घडते? बहुधा ती शुभेच्छापत्रांची आणि मोबाईलवरील संदेशांची देवाणघेवाण होऊन बसली आहे.

कोल्हापुरात काय करता येईल?

१७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि अनेक दशकांच्या मागणीला यश आले. मोठ्यांचा न्याय दाराशी आला, तेव्हा मुलांच्या न्यायाचाही विचार याच शहरात व्हावा, हे उचित आहे. येथील तरुणांची कुवत २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सर्वांनी पाहिली. तालमींची आणि मंडळांची मुले पाण्यात उतरली, त्यांनी अन्नाची पाकिटे पोहोचवली आणि वृद्धांना खांद्यावरून बाहेर काढले. समाजात वीर सेवा दलाच्या शाखा आहेत, पाठशाळा आहेत, वसतिगृहे आहेत. या बळातून लहानसा आरंभ शक्य आहे.

हा आरंभ न्यायालय या नावाने करू नये. वसतिगृहात किंवा शाळेत 'विद्यार्थी पंच मंडळ' असावे. त्यात मुलांइतक्याच मुली असाव्यात. बाल न्याय मंडळाचे काम माहीत असलेला एखादा वकील आणि एक प्रशिक्षित समुपदेशक मार्गदर्शक म्हणून असावेत. वसतिगृहातील मोडतोड, वस्तू गायब होणे, परीक्षेतील नक्कल, समाजमाध्यमावरील टवाळी, मैदानावरील हाणामारी एवढ्याच बाबी त्यापुढे याव्यात. मुलाची आणि पालकांची संमती असल्याशिवाय प्रकरण घेऊ नये आणि निकाल मान्य नसल्यास मुख्याध्यापकांकडे जाण्याची वाट मोकळी असावी. निकालात शरीरदंड नको, दंडाची रक्कम नको, चारचौघांतली मानहानी तर मुळीच नको. रंकाळ्याच्या काठाची स्वच्छता, सीपीआर रुग्णालयातील रुग्णांच्या नातेवाइकांना मदत, धाकट्या मुलांचा अभ्यास घेणे अशी कामे द्यावीत आणि तास पूर्ण झाले की नोंद फाडून टाकावी. बाल न्याय कायदाही मुलाच्या गुन्ह्याची नोंद त्याच्या पुढील आयुष्याला चिकटू देत नाही. काही वर्षे असे काम नीट चालले, तर सामुदायिक सेवेची देखरेख करण्यासाठी अशा संस्थेचे नाव बाल न्याय मंडळापुढे ठेवता येईल.

मर्यादाही तितक्याच ठामपणे पाळल्या पाहिजेत. लैंगिक छळ, रॅगिंग, गंभीर इजा, अमली पदार्थांची विक्री ही प्रकरणे पंच मंडळाकडे क्षणभरही थांबता कामा नयेत. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना न देणे हा पोक्सो कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. घराण्याच्या नावासाठी असे प्रकरण 'आपसात' मिटवणे म्हणजे पीडित मुलावर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय. तसेच पंच मंडळाची जातपंचायत होऊ देऊ नये. कोणालाही वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरला आहे. मुलेही कठोर होऊ शकतात. श्रीमंताच्या मुलाला एक न्याय आणि कामगाराच्या मुलाला दुसरा, असे मुलांकडूनही होऊ शकते. म्हणून मार्गदर्शकाचे काम निकाल देण्याचे नसून तराजूची दोन्ही पारडी सारखी आहेत की नाही हे पाहण्याचे राहील.

आणि वडीलधाऱ्यांनी काय करावे? मुलाची काच फुटली, तर रात्री पैसे घेऊन धावू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलालाच बरोबर घेऊन त्या दुकानात जावे, बोलू त्यालाच द्यावे आणि काचेची रक्कम सुटीत त्या दुकानात किंवा स्वतःच्या पेढीवर काम करून त्यानेच फेडावी. पंच मंडळ निघण्याची वाट न पाहता एवढे प्रत्येक घराला करता येईल.

जमाखर्चाची वही लिहिणाऱ्या माणसाला ठाऊक असते की, चुकीची नोंद खोडून वही स्वच्छ होत नाही. त्या नोंदीसमोर दुरुस्तीची नोंद घालावी लागते आणि ती ज्याच्या हातून चूक झाली त्याने घातली तर हिशेब पक्का होतो. बोर्डिंग सोडावे लागलेल्या त्या विद्यार्थ्याने पुढे आयुष्यभर मुलांना दारातून आत घेतले. आपल्या वसतिगृहांत, शाळांत आणि पेढ्यांवर आज चुकणारा एखादा मुलगा उद्या कोण होणार आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून त्याला बाहेर काढण्यापूर्वी त्याच्या बरोबरीच्या मुलांना एकदा विचारावे, हेच बरे.